'सपोर्ट' शोधायचा तर कोणता ऑनलाइन शब्दकोश उघडावा?

'सपोर्ट' हा शब्द सहसा कुणी शब्दकोशात शोधत नाही. तो येतोच, असे सगळे धरून चालतात. मग 'आय सपोर्ट टू यू', 'थँक्स फॉर युवर सपोर्ट्स', 'आय हार्डली सपोर्ट धिस प्लॅन' अशी वाक्ये अर्जांत आणि ईमेलमध्ये जाऊन बसतात. म्हणूनच फुकट मिळणाऱ्या ऑनलाइन शब्दकोशांची परीक्षा घ्यायला हा शब्द चांगला आहे. दिसायला सोपा, अर्थ डझनभर, आणि लिहिणाऱ्याची चूक अर्थाच्या बाबतीत कमी, शब्दाच्या पुढे-मागे काय जोडायचे यात जास्त. कसोटी एकच ठेवली आहे: कोश उघडल्यावर दोन मिनिटांत वाचकाला बिनचूक वाक्य लिहिता येते का?

पहिला घोळ होतो तो अर्थांच्या क्रमावरून. बहुतेक वाचक पहिला अर्थ वाचून पान बंद करतात, आणि पहिला अर्थ कोणता हे प्रत्येक कोशाच्या धोरणावर ठरते. मेरिअम-वेब्स्टर उघडा. तिथे क्रियापदाचा पहिला अर्थ निघतो तो 'निमूटपणे सहन करणे'! ही चूक नाही. हा कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो, जुना आधी आणि नवा नंतर. मूळ लॅटिन शब्द 'सब' म्हणजे खालून आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे यांचा. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना 'सोसणे' हा अर्थही बरोबर आला. आजच्या फ्रेंचमध्ये तो ठणठणीत आहे. इंग्रजीत मात्र फार औपचारिक लिखाणात, तेही बहुधा नकारार्थी वाक्यात उरलाय. 'असह्य' या अर्थाचा 'इन्सपोर्टेबल' हा त्याचाच वंशज. पण 'मला हा उकाडा सहन होत नाही' याचे इंग्रजी करताना कुणी 'कान्ट सपोर्ट' लिहिले तर वाचणारा गोंधळेल. तिथे 'कान्ट स्टँड' किंवा 'कान्ट बेअर' हवे.

गूगलवर शब्दाआधी 'डिफाइन' टाइप केल्यावर जी चौकट येते, तिच्यातला मजकूर ऑक्सफर्ड लँग्वेजेसचा असतो. तिथे पहिला अर्थ 'भार पेलणे, खालून आधार देणे'. इथे तर्क वेगळा आहे. ज्यातून बाकीचे अर्थ फुटले असे वाटते, तो गाभ्याचा अर्थ वर. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश, म्हणजे लाँगमन, केंब्रिज, ऑक्सफर्ड लर्नर्स आणि कॉलिन्सचा कोबिल्ड, हे मात्र सहमती, पाठिंबा, प्रोत्साहन या अर्थापासून सुरुवात करतात. रोजच्या वापरात तोच जास्त भेटतो. तेव्हा 'पक्षाला पाठिंबा' या अर्थासाठी मेरिअम-वेब्स्टर उघडणारा माणूस उगाच वळसा घेतो. शब्दाची कुळकथा हवी असेल तर तोच कोश उत्तम, लिहायला बसला असाल तर नको. त्याच प्रकाशनाचा शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश आहे, तो आता ब्रिटानिकाच्या संकेतस्थळावर मिळतो. अमेरिकन इंग्रजी लिहिणाऱ्यांनी तो धरावा.

आता खरी परीक्षा: क्रियापदापुढे काय येते? मराठीत आपण कुणा'ला' पाठिंबा देतो. ती 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन डोके वर काढते. 'सपोर्ट' क्रियापद असेल तर कर्म थेट येते, मध्ये काही नाही: 'आय सपोर्ट हर', 'दे सपोर्ट द प्लॅन'. नाम असेल तर 'टू' चालतो, पण 'गिव्ह', 'लेन्ड', 'प्रोव्हाइड' यांच्यासोबत: 'गिव्ह सपोर्ट टू समवन'. या क्रियापदापुढे 'दॅट' लावून पूर्ण वाक्यही जोडता येत नाही. 'त्यांनी राजीनामा द्यावा याला माझा पाठिंबा आहे' हे 'आय सपोर्ट दॅट ही शुड रिझाइन' असे होत नाही. तिथे नाम आणावे लागते, 'आय सपोर्ट द कॉल फॉर हिज रेझिग्नेशन', नाहीतर 'आयएनजी'चे रूप.

ही माहिती कोशात असते, फक्त ती कुठे पाहायची हे ठाऊक हवे. केंब्रिजमध्ये अर्थाच्या अलीकडे चौकटी कंसात एक अक्षर असते. 'टी' म्हणजे कर्म हवेच, 'आय' म्हणजे कर्म नको, नामापुढे 'सी' म्हणजे मोजता येणारे आणि 'यू' म्हणजे न मोजता येणारे. 'सपोर्ट' क्रियापदापुढे 'टी' दिसला की 'टू'चा प्रश्न तिथेच मिटतो. बरेच वाचक ही अक्षरे छपाईची चिन्हे समजून ओलांडून जातात, आणि कोशाचा निम्मा उपयोग तिथेच वाया जातो. कोबिल्ड हेच काम जास्त उघडपणे करतो. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो निघाला, तेव्हा त्याची नवलाई ही होती की अर्थ तुकड्यात न देता पूर्ण वाक्यात द्यायचा: 'तुम्ही अमक्याला सपोर्ट करता तेव्हा तुम्ही...' अशा थाटात. व्याख्या वाचतानाच शब्द वाक्यात कसा बसतो ते डोळ्यांखालून जाते. ज्यांना व्याकरणाच्या खुणांचा कंटाळा आहे त्यांनी सरळ कोबिल्ड घ्यावा.

कोबिल्डची एक अडचण सांगायला हवी. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एकाच पानावर तीन कोश एकाखाली एक लावलेले असतात: वर कोबिल्ड, त्याखाली ब्रिटिश वाचकांसाठीचा मोठा कोश, त्याखाली अमेरिकन. खाली सरकत गेलात तर 'सपोर्ट'चे अर्थ पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या क्रमाने सुरू होतात, आणि नवखा माणूस समजतो की या शब्दाला पस्तीस अर्थ आहेत. वरचा भाग संपला की थांबावे.

ऑक्सफर्ड लर्नर्सच्या मागची परंपराच क्रियापदांच्या साच्यांची आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते, आणि त्यांचा कोश १९४२ साली आधी टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. क्रियापदापुढे काय येऊ शकते याचे साचे मांडून दाखवणे हे त्या कोशाचे वैशिष्ट्य होते, आणि आजही त्याच्या उदाहरणांआधी ठळक अक्षरांत साचा दिसतो: 'सपोर्ट समबडी इन समथिंग' वगैरे. हा 'इन' लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिच्या निर्णयात तिच्या पाठीशी उभे राहायचे असेल तर 'सपोर्ट हर इन हर डिसिजन'.

नामाचे शब्दयोगी मात्र या सगळ्या कोशांमध्ये विखुरलेले आहेत, म्हणून ते इथेच एकत्र पाहू. 'सपोर्ट फॉर' म्हणजे कशाला पाठिंबा: योजनेला, मागणीला. 'सपोर्ट फ्रॉम' म्हणजे कुणाकडून. सगळ्यात जास्त फसवणारी जोडी 'इन सपोर्ट ऑफ' आणि 'विथ द सपोर्ट ऑफ' ही. 'शिक्षकांच्या समर्थनार्थ मोर्चा निघाला' यात शिक्षकांना पाठिंबा आहे, तिथे 'इन सपोर्ट ऑफ टीचर्स'. 'शिक्षकांच्या पाठिंब्याने मोर्चा निघाला' यात पाठिंबा देणारे शिक्षक आहेत, तिथे 'विथ द सपोर्ट ऑफ टीचर्स'. एका शब्दाने दिशाच उलटते. बातमीचे भाषांतर करताना इथे घसरले की कोण कुणाच्या बाजूने आहे हेच बदलून जाते.

'सपोर्ट्स' असे अनेकवचन कधी? मदत, धीर, पैसा, सहमती या अर्थांनी सहसा नाही. खांब, टेकू, धिरा अशा वस्तूंना मात्र 'सपोर्ट्स' म्हणतात. आभाराच्या पत्रात 'युवर सपोर्ट्स' लिहिणे म्हणजे समोरच्याच्या खांबांचे आभार मानणे! एका माणसाबद्दल 'शी वॉज अ ग्रेट सपोर्ट' हे चालते, तिचा फार आधार झाला या अर्थी. केंब्रिजची 'सी' आणि 'यू' ही अक्षरे प्रत्येक अर्थापुढे वेगळी दिलेली असतात ती यासाठीच.

आता पाठिंबा किती? 'हार्डली सपोर्ट' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'हार्ड'चा अर्थ जोरात, म्हणून 'हार्डली' म्हणजे जोरदार, हा हिशेब इंग्रजीत चालत नाही. 'स्ट्राँगली', 'फुल्ली', 'फर्मली' हे शब्द बरोबर बसतात. नामापुढे 'वाइडस्प्रेड', 'ओव्हरव्हेल्मिंग', 'टॅसिट' (उघड बोलून न दाखवलेला), 'मॉरल'. पाठिंबा गोळा करण्याला 'ड्रम अप', काढून घेण्याला 'विथड्रॉ'. माणसाला 'स्टॉन्च सपोर्टर', म्हणजे कट्टर समर्थक. या जोड्यांसाठी लाँगमनला तोड नाही. नोंदीच्या खाली सहप्रयोगांची वेगळी चौकट असते, आणि क्रियापद कोणते, विशेषण कोणते अशी विभागणी केलेली असते. १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून या कोशाने व्याख्या साधारण २,००० सोप्या शब्दांतच लिहिण्याचे बंधन पाळले आहे, त्यामुळे व्याख्या समजण्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागत नाही. शिवाय उदाहरणाची वाक्येसुद्धा ऐकायला मिळतात, फक्त सुटा शब्द नाही. एकच कोश ठेवायचा तर हा.

'सपोर्टिव्ह' आणि 'सपोर्टिंग' या जोडीवर मात्र सगळेच कोश कमी पडतात. दोन्ही वेगळ्या पानांवर असल्याने फरक समोरासमोर दिसत नाही. 'सपोर्टिव्ह' हा स्वभाव आहे, धीर देणारा, सांभाळून घेणारा: 'सपोर्टिव्ह पॅरेंट्स', 'सपोर्टिव्ह टीचर'. 'सपोर्टिंग' हे काम किंवा जागा आहे: 'सपोर्टिंग रोल' म्हणजे सहायक भूमिका, 'सपोर्टिंग डॉक्युमेंट्स' म्हणजे अर्जातल्या विधानांच्या पुष्टीसाठी जोडलेली कागदपत्रे. 'सपोर्टिव्ह अ‍ॅक्टर' लिहिले तर तो नट सहकाऱ्यांना फार सांभाळून घेतो असा अर्थ होतो. कदाचित खरेही असेल, पण त्याला पारितोषिक त्यासाठी मिळालेले नसते. अर्जासोबत 'सपोर्टिव्ह डॉक्युमेंट्स' जोडणे ही याच माळेतली चूक.

मदतीच्या शब्दांचे गोत्र मोठे आहे, आणि समानार्थी म्हणून एका ओळीत दिलेले शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'बॅक' हा बातम्यांचा लाडका शब्द. तो छोटा असतो, मथळ्यात मावतो, आणि पाठबळात पैसा किंवा वजन खर्ची पडते असा त्याचा सूर असतो. 'बॅक अप' मात्र वेगळे: तुमच्या म्हणण्याला दुजोरा देणे, किंवा फायलीची प्रत ठेवणे. 'एन्डॉर्स' म्हणजे स्वतःच्या नावानिशी, जाहीरपणे मान्यता देणे. मुळात तो कागदाच्या पाठीवर सही करण्याचा शब्द, आणि चेकच्या संदर्भात तो अर्थ अजून जिवंत आहे. मित्राच्या पाठीशी घरात बसून उभे राहण्याला 'एन्डॉर्स' म्हणता येत नाही. सभेत ठरावाला अनुमोदन देणे म्हणजे 'सेकंड'. तिथे 'सपोर्ट' म्हटले तर नुसती सहमती होते, अनुमोदकाची जागा रिकामीच राहते. वरच्या न्यायालयाने खालचा निकाल कायम ठेवला तर 'अपहोल्ड'.

'प्रॉप अप' आणि 'शोर अप' हे दोन्ही टेकू देण्याचे शब्द, पण पहिल्याला टोमणा आहे. 'प्रॉप अप' केलेली राजवट स्वतःच्या पायावर उभी नसते, आणि बोलणाऱ्याला ती पडावी असेच बहुधा वाटत असते. 'शोर अप' मध्ये डळमळीत झालेले सावरण्याचा हेतू असतो, नापसंती असतेच असे नाही. 'स्टँड बाय' अडचणीच्या काळात साथ न सोडण्यासाठी, 'स्टँड अप फॉर' कुणावर टीका होत असताना त्याची बाजू घेण्यासाठी. लाँगमन आणि ऑक्सफर्ड लर्नर्स या छटा समजावण्याचा प्रयत्न करतात. नुसत्या समानार्थी शब्दांच्या संकेतस्थळांवर मात्र हे सगळे एका ढिगात पडलेले असते. तो ढीग ज्याला छटा आधीच ठाऊक आहेत आणि फक्त शब्द आठवत नाही, त्याच्याच कामाचा.

मराठी प्रतिशब्द हवा असेल तर? केंब्रिजच्या संकेतस्थळावर इंग्रजी–मराठी असा विभाग आहे. तिथे अर्थ वेगळे करून प्रत्येकाला मराठी शब्द जोडलेला असतो, त्यामुळे तो साध्या शब्दयादीपेक्षा बरा. पण नोंदी थोडक्यात असतात. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती न्यूरल पद्धतीवर, म्हणजे तुकडे न करता पूर्ण वाक्य एकत्र पाहणाऱ्या पद्धतीवर, गेली. पूर्ण वाक्यांचे भाषांतर तेव्हापासून पुष्कळ सुधारले. एकटा शब्द टाकला की मात्र बहुधा 'समर्थन' पदरात पडते, आणि तिथूनच 'ही फाइल समर्थित नाही' अशी मराठी पडद्यापडद्यावर पसरली. 'ही फाइल या अ‍ॅपमध्ये चालत नाही' एवढे पुरते.

यंत्राची परीक्षा घ्यायची तर तीन वाक्ये पुरतात. पहिले: 'ती तीन मुलांना सपोर्ट करते'. इथे 'पोसते' किंवा 'तिच्या कमाईवर तीन मुले आहेत' यायला हवे. दुसरे: 'पुरावा या दाव्याला सपोर्ट करतो'. इथे 'दुजोरा' किंवा 'पुष्टी'. शास्त्रीय लेखात हे 'सिद्ध होते' असे केले तर तो दोष गंभीर आहे, कारण 'सपोर्ट' करणारा पुरावा बाजूने असतो, निकाल लावत नाही. तिसरे सगळ्यात कठीण: 'तो आपली हॅबिट सपोर्ट करण्यासाठी चोरी करायचा'. 'सवयीला समर्थन' असे उत्तर आले की समजावे, यंत्राला वाक्य कळलेले नाही. 'हॅबिट' इथे व्यसन आहे, आणि 'सपोर्ट' म्हणजे त्याचा खर्च भागवणे. तिन्ही वाक्ये पूर्ण इंग्रजीत टाका, आलेली मराठी परत इंग्रजीत फिरवून पाहा. अर्थ बदलून परत आला तर ते भाषांतर वापरू नका. जोडशब्दांनाही हेच लागू आहे. अमेरिकेत 'चाइल्ड सपोर्ट' म्हणजे विभक्त पालकाने मुलासाठी द्यायची रक्कम, मुलांना प्रोत्साहन नव्हे. 'सपोर्ट बँड' म्हणजे मुख्य कलाकाराआधी वाजवणारा वाद्यवृंद. 'लाइफ सपोर्ट' म्हणजे श्वास वगैरे चालू ठेवणारी यंत्रे.

कोशात नेमकी हवी ती जोडी सापडली नाही तर 'स्केल' (SkELL) नावाचे साधन आहे, 'स्केच इंजिन' या शब्दवापर शोधण्याच्या साधनाच्या निर्मात्यांनी शिकणाऱ्यांसाठी काढलेले. नोंदणी लागत नाही. शब्द टाकल्यावर तीन कळा मिळतात. पहिलीवर खऱ्या लिखाणातली जास्तीत जास्त चाळीस वाक्ये, दुसरीवर शब्दाचे 'स्केच', म्हणजे त्याची कर्मे कोणती, कर्ते कोणते, विशेषणे कोणती, आणि तिसरीवर जवळचे शब्द. दुसरी कळ दाबा, नाम की क्रियापद ते निवडा, आणि कर्मांची यादी पाहा. आपण लिहिलेले नाम त्या यादीत किंवा तिच्या आसपास नसेल तर वाक्य पुन्हा तपासावे. वाक्ये यंत्राने निवडलेली असल्याने मधूनच एखादे विचित्र निघते, तेव्हा एकाच उदाहरणावर भिस्त ठेवू नये.

उलट्या दिशेने, म्हणजे 'आधार'साठी मराठीत कोणकोणते शब्द आहेत हे शोधायला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश अजून कामाचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत १८५७ ची दुसरी आवृत्ती शोधता येते. शोधाच्या पर्यायात फक्त शीर्षशब्द न घेता पूर्ण मजकूर निवडायचा आणि इंग्रजी 'सपोर्ट' टाइप करायचा. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आला आहे, ते सगळे समोर येतात, आणि टेकू, धिरा, आश्रय यांसारखे 'समर्थन'पलीकडचे शब्द हाताला लागतात. इंग्रजी मजकूर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे हे मात्र विसरू नये. त्यात 'सपोर्ट' पुष्कळदा पोसण्याच्या किंवा सोसण्याच्या अर्थी येतो.

उच्चारासाठी कोणताही चालेल. लाँगमन, केंब्रिज आणि ऑक्सफर्ड लर्नर्स ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही ऐकवतात, मेरिअम-वेब्स्टर फक्त अमेरिकन. जोर दुसऱ्या अवयवावर, 'पोर्ट'वर, येतो, आणि पहिला 'स' अगदी हलका. 'रेकॉर्ड' किंवा 'इम्पोर्ट'सारखा नाम आणि क्रियापद यांत जोर बदलत नाही, दोन्हीकडे एकच.